नवसाबाईंचा डावा कान

जेल रोडला आमच्या शाळेच्या मागच्या गल्लीत दोन गाळे एकमेकांना चिकटून आहेत. एकात नवसाबाईंची पिठाची गिरणी, दुसऱ्यात पुंजाचं गॅरेज. २००५-०६ साली पुंजाच्या शटरशेजारच्या फळ्यावर रोज खडूनं लोडशेडिंगच्या वेळा लिहिलेल्या असायच्या आणि त्याखाली एक ओळ : ‘आवाजाच्या गाड्या याच वेळेत आणाव्या.’ मी शाळेत शिकवायला जाता-येता ते वाचायचे आणि मनात म्हणायचे, या माणसाचं डोकं फिरलंय. वीज गेली की बाकीचे दुकानदार पायरीवर येऊन सरकारला शिव्या घालत बसायचे, आणि हा नेमका तेव्हाच गिऱ्हाइकं बोलावणार!

कारण कळलं तेव्हा ते अगदी साधं वाटलं. वीज असली की गिरणी चालायची, आणि गिरणी चालू असताना त्या गल्लीत कुणाला कुणाचं ऐकू येत नसे. वीज गेली की गिरणी थांबायची. नवसाबाई पदरानं भुवयांवरचं पीठ पुसत शेजारच्या गाळ्यात यायच्या आणि गाडीचं इंजिन ऐकायच्या. पुंजाच्या गॅरेजमध्ये पान्हे पुंजाचे होते, कान नवसाबाईंचे होते.

नवसाबाई मूळच्या निफाडकडच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा गिरणी नवऱ्याची होती. पिठानं त्याची छाती धरली, खोकला जाईना, तेव्हा १९९१ साली त्यांनी पट्टा स्वतःच्या हातात घेतला. उंच, हाडापेरानं मजबूत, बोलणं तोडून टाकणारं. ‘बारीक दळा हो’ असं कुणी दोनदा म्हटलं, तर ‘घरी नेऊन चाळा,’ म्हणायच्या. गिरणीच्या दगडाला टाकी लावून नव्या खाचा पाडायची वेळ झाली हे त्यांना दगडाच्या आवाजावरून कळायचं, पट्टा सैल पडला तर तेही. त्यात कुणाला काही विशेष वाटत नसे. आपली गिरणी आपल्याला कळणारच.

विशेष वाटलं ते १९९३ मध्ये. पुंजाकडे एक जुनी अँबेसिडर दोन दिवस उभी होती. चालू केली की किरकिर, आणि पुंजाला ती किरकिर कुठून येते ते सापडेना. तिसऱ्या दिवशी नवसाबाई हातातलं सूप घेऊनच भांडायला आल्या. ‘ती गाडी बंद कर बाबा, माझं डोकं उठलं. पुढं पंखा फिरतो ना, त्याच्यामागचं बेअरिंग कोरडं पडलंय तिचं.’ पुंजा म्हणाला, ‘वयनी, तुम्ही दळण बघा.’ संध्याकाळी त्यानं पाण्याचा पंप खोलला. बेअरिंग कोरडंठाक होतं. ही गोष्ट पुंजा प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगायचा आणि शेवटी डोळे मोठे करून म्हणायचा, ‘अन् बरं का, गिरणी चालू होती तवा! त्या धडधडाटातून ऐकलं बाईनं!’

त्यानंतर बाईंची पद्धत बसत गेली. गाडीला हात लावायच्या आधी मालकानं तोंडानं आवाज काढून दाखवायचा, ही पहिली अट. मोठमोठे लोक लाजायचे. सोन्याची अंगठी घातलेला एक द्राक्षबागायतदार पुंजाच्या दारात उभा राहून ‘टुकटुकटुक’ करतोय, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. आणि बाई त्याला सांगतायत, ‘टुकटुक म्हणता का टकटक? नीट करा. जोरात पळवली की वाढतो का तेवढाच राहतो?’ बागायतदारानं पुन्हा करून दाखवलं. बाई म्हणाल्या, ‘गरम झाल्यावर जातो?’ तो म्हणाला, हो, पाच मिनिटांत जातो. ‘मग इंजिन खोलू नको पुंजा. धूर बाहेर जायच्या पाइपाची गास्केट बघ. पत्रा तापून फुगला की फट बुजते, म्हणून आवाज जातो.’ पुंजानं बघितलं, तर गास्केट जळालेली होती.

दुसरी अट, गाडी थंड पाहिजे. आणि तिसरी गोष्ट म्हणजे काठी. गिरणीच्या तोंडाला बांधलेल्या कापडी नळीवर मारून पीठ पाडायची हातभर काठी. तिचं एक टोक इंजिनावर टेकवायचं, दुसरं डाव्या कानामागच्या हाडावर, आणि उजवा हात पसरून पत्र्यावर ठेवायचा. मग पुंजानं एकेका प्लगची वायर काढायची. वायर काढल्यावर आवाज बदलला तर रोग त्या सिलिंडरमध्ये, नाही बदलला तर दुसरीकडे शोधा. काठी नेहमी डाव्याच कानाला. लोक म्हणायचे, बाईंच्या डाव्या कानात देवानं काहीतरी जास्तीचं घातलंय. बाई त्यावर हो म्हणायच्या नाहीत आणि नाहीही.

सुरगाण्याच्या मंगळूची माणसं भरून नेणारी वडाप जीप तर त्यांनी काठी न लावताच बरी केली. वळणावर खुळखुळ वाजायचं, सरळ रस्त्याला गप्प. मंगळूनं चार ठिकाणी दाखवलं होतं. बाईंनी विचारलं, ‘कधीपासून?’ ‘दसऱ्यापासून.’ ‘पूजा इंजिनावर मांडली होती का रे?’ मांडली होती. बॅटरीखालच्या पत्र्याच्या घडीतून पुंजानं एक सुपारी काढली, कुंकवासकट. मंगळूनं ती कपाळाला लावली आणि खिशात ठेवली.

हे सगळं मला मजेचं वाटायचं, लांबून. मग आमच्याच गाडीवर पाळी आली.

आमची म्हणजे आप्पांची, माझ्या वडिलांची. १९८३ सालची दुधी रंगाची फियाट. आप्पा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात पंचवीस वर्षं टर्बाइनवर होते, शहाण्णवला रिटायर झाले. मी त्यांच्याजवळच राहते. का, ते या गोष्टीत नाही. आई गेल्यानंतर आप्पांचा दिवस एका गोष्टीवर उभा होता. संध्याकाळी पाच वाजता फियाट काढायची, एकलहऱ्याला जायचं, कॉलनीजवळच्या मोरीवर, म्हणजे छोट्या पुलाच्या कठड्यावर, जुन्या शिफ्टचे चार म्हातारे बसलेले असायचे त्यांच्यात बसायचं, आणि दिवे लागायच्या आत परत यायचं. तेवढं सोडलं तर ते खुर्चीत बसून भिंतीकडे बघायचे. गाडी गेली तर आप्पा त्या खुर्चीतून उठायचे नाहीत, याची मला खरोखर भीती वाटत होती.

आणि गाडी जायची वेळ आली होती. वर्षभर ती कण्हत होती. उभी असताना घड्याळासारखी चालायची, पण आप्पा रस्त्याला लागले की मध्येच ‘खडखडखड’ सुरू, सगळी गाडी थरथरायची, मग आपोआप थांबायची. माझा भाऊ ललित पुण्याहून आला तेव्हा आप्पांनी त्याला स्टेशनवरून घरी आणलं. तेवढ्या वाटेत त्याचा चेहरा पांढरा पडला. ‘आप्पा, ते काही नाही, ही गाडी आता कुणाचा तरी जीव घेणार. पुढच्या रविवारी भंगारवाल्याला बोलावतो.’ दोन गॅरेजवाल्यांनी गाडी चालवून बघितली आणि म्हणाले, काही आवाज नाही. तिसरा म्हणाला, क्रँकची बेअरिंगं गेलीत, पूर्ण इंजिन उतरवा, त्यापेक्षा दुसरी गाडी घ्या. आप्पा एकच म्हणायचे, ‘आवाज-बिवाज काही नाही. तुम्हा लोकांना जुन्या वस्तू नकोशा झाल्यात.’ शेवटी माझ्या रडवेल्या तोंडाकडे बघून ते इतकंच कबूल झाले : पुंजाच्या त्या बाईनं खराब म्हटलं तर गाडी देऊन टाकीन.

गुरुवारी सकाळी साडेनऊला वीज गेली, गिरणी थांबली, आम्ही गाडी घेऊन हजर. तोंडानं आवाज काढायचं काम माझ्यावर आलं, कारण आप्पांच्या मते आवाज नव्हताच. पाचवीच्या साठ पोरांसमोर रोज उभी राहणारी मी, पण तिथं लाजले. बाई म्हणाल्या, ‘मास्तरीणबाई, पोटातून काढा.’ काढला. पुंजाची बायको दारात येऊन बघून गेली.

बाईंनी काठी लावली. सगळीकडे लावली. पुंजानं वायरी काढल्या, घातल्या. मग तो एक चक्कर मारून आला. कुठं काही नाही. बाईंनी काठी खाली ठेवली आणि कपाळाला आठ्या घालून आप्पांकडे बघितलं. ‘ही फक्त यांच्या हातात वाजती. चला, मी बसते संगट.’

पुंजाचं तोंड उघडंच राहिलं. बाई कधीच गाडीत बसून आवाज ऐकायच्या नाहीत. पोटात ढवळतं म्हणायच्या.

त्या पुढं आप्पांशेजारी बसल्या, मी मागं. आम्ही सामनगावच्या रस्त्याला लागलो. पुढं उसाची बैलगाडी आली, वेग कमी झाला आणि फियाट कण्हायला लागली : खडखडखड. बाईंनी पुढच्या फळीवर पंजा पसरला. ‘गेर खाली घ्या की आप्पा.’ आप्पांनी घेतला नाही. समोर बघतच ते म्हणाले, ‘बोला बाई, कुठं आहे आवाज?’ बाईंनी उत्तर दिलं नाही. बैलगाडी मागं पडली, आवाज थांबला. गल्लीतून वळताना लावलेला इंडिकेटर अजून टिकटिकत होता. बाई म्हणाल्या, ‘ते टिकटिक बंद करा.’ आप्पा गप्प. थोड्या वेळानं आप्पा म्हणाले, ‘तुम्ही निफाडच्या ना?’ बाई गप्प. मागं बसून माझा संताप होत होता. एक म्हातारा हट्टी, दुसरी बाई गर्विष्ठ, आणि आमची गाडी भंगारात. नाल्यापुढच्या चढाला पुन्हा खडखडाट झाला तेव्हा बाई मोठ्यानं म्हणाल्या, ‘थांबवा!’ आप्पा चालवतच राहिले. मग नवसाबाईंनी परक्या माणसाच्या मनगटावर सरळ फटका मारला.

आप्पांनी ब्रेक दाबला. खाली उतरून त्यांनी रागारागानं बॉनेट उघडलं आणि आत वाकले. बाई उतरल्या. त्यांच्यामागं दहा पावलांवर जाऊन उभ्या राहिल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, ‘आप्पा, सरका, मागून बैल आला.’

मी दचकून कडेला उडी मारली. बैल नव्हता. आप्पा जागचे हललेही नव्हते. ते शांतपणे डिपस्टिक पुसत होते.

मी तिथंच उभी राहिले आणि मला माझी लाज वाटली. शाळेत घसा फोडायची सवय, तोच आवाज मी घरी आणते. त्यामुळे माझं बोलणं आप्पांपर्यंत पोचायचं. तेही मोठ्यानं बोलायचे, पण एकलहऱ्याच्या शिफ्टची सगळीच माणसं मोठ्यानं बोलतात. कानात घालायला त्यांना तिथं बोळे मिळायचे. आप्पा ते घालायचेच नाहीत, वर अभिमानानं सांगायचे, ‘कान बंद केले तर मशिनचं कसं कळणार?’ गाडीचा गिअरही ते आयुष्यभर इंजिन ऐकून बदलत आले होते. इंजिन ऐकू येईना, म्हणून गिअर बदलायचा राहायचा. वेग पडला तरी गाडी चौथ्यातच, आणि चौथ्यात ती बिचारी चढावर ओढली जात होती.

बाई वळसा घालून आप्पांच्या समोर आल्या आणि आवाज चढवून म्हणाल्या, ‘गाडीला काय झालेलं नाय.’

‘मी काय म्हणत होतो?’ आप्पा माझ्याकडे बघून खुश झाले.

‘तुमचे कान गेलेत.’

आप्पांचा चेहरा लालबुंद झाला. ‘पंचवीस वर्षं टर्बाइन ऐकलंय मी! नुसत्या आवाजावरून सांगायचो कुठलं बेअरिंग गरम होतंय ते. एक दळण दळणारी बाई मला—’

‘माझा उजवा बी गेलाय,’ नवसाबाई म्हणाल्या.

रस्त्यावर कुणी नव्हतं. तरी त्यांनी एकदा मागं बघून घेतलं.

‘सात-आठ वर्षं झाली. गिरणीची मोटर माझ्या उजव्या हाताला हाय. तुम्ही गाडीत काय काय बोललात, मला एक शबुद नाय कळला, माझ्या उजव्या अंगाला बसला होता तुम्ही. म्हणून मी कुणाच्या गाडीत बसत नाय. पुंजाला म्हाईत नाय. त्याला कळलं तर तो कोणत्या तोंडानं गिऱ्हाइकांना सांगल, बाईकडं या? दळण काय, कुनी बी दळतं. पण दिसभरात एकदा कोणीतरी मला इचारतं, काय झालंय सांगा म्हणून, तेवढंच माझं हाय. ते मी आज तुमच्या हातात दिलंय. आता वरडू नका.’

आप्पा ओरडले नाहीत. त्यांनी डिपस्टिक जागेवर घातली. मग विचारलं, ‘मग तुम्ही इंजिन कसं ओळखता?’ त्या प्रश्नात राग नव्हता. एका टर्बाइनवाल्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं.

‘बसा, दाखवते.’

परत बसल्यावर त्यांनी आप्पांचा डावा हात धरून स्टिअरिंगखालच्या गिअरच्या दांड्यावर ठेवला. बोटांनी नाही, तळवा पूर्ण टेकवून. ‘आता चढाला घ्या. हाताला मुंग्या आल्या की ती वरडती असं समजा. कोपरापर्यंत मुंग्या आल्या की खाली घ्या.’ आप्पांनी गाडी चढाला घातली. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले मला आरशात दिसत होते. ‘आल्या!’ ते एकदम म्हणाले आणि दांडा ओढला. गाडी तिसऱ्यात गेली, मोकळी झाली, चढ सहज चढली. त्या दोघांनी ती चढण पाच वेळा केली. बाई मनगटावर टिचकी मारून खुणा करत होत्या, आप्पा ‘आल्या’, ‘गेल्या’ म्हणत होते, आणि मी मागं बसून डोळे पुसत होते. फियाट एकदाही कण्हली नाही.

गॅरेजपाशी पोचलो तेव्हा पुंजा धावत आला. ‘काय निघालं वयनी?’ बाईंनी माझ्याकडे बघितलं. आप्पांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, ‘गाडी ठणठणीत आहे. माझेच कान गेलेत. बाईंनी बरोबर ओळखलं. काय कान आहे हो बाईंचा!’

बाईंनी मान खाली घातली आणि गिरणीत गेल्या.

ललितला मी फोन केला, भंगारवाल्याला येऊ नको म्हण. आप्पा कानाच्या डॉक्टरांकडे आले, कुरकुरत आले, पण आले. डाव्या कानाला मशीन बसलं. पहिल्या दिवशी गाडी वळवून घेतल्यावर ते मला म्हणाले, ‘ज्योत्स्ना, हे टिकटिक काय वाजतंय?’ मी म्हटलं, इंडिकेटर. ‘नवीन बसवलाय?’ मी म्हटलं, हो. मशीन असलं तरी तळवा मात्र त्यांनी दांड्यावरून काढला नाही. मोरीवरच्या म्हाताऱ्यांनाही त्यांनी ती विद्या शिकवली. त्यातल्या तिघांना तिची गरज होती.

बाईंचं गुपित आम्ही दोघांनी पोटात ठेवलं. पण मला एक गोष्ट खात होती. पुढं कधी चुकल्या, एखाद्याची गाडी त्यांच्या बोलण्यावर बिघडली, तर? वर्षभरानं एकदा फियाट सर्व्हिसिंगला गेली होती तेव्हा गिरणी चालू होती आणि पुंजा एकटा होता. मी आडून आडून सुरुवात केली. बाईंचं वय झालं, ऐकण्यावर परिणाम होतच असेल, नाही का?

पुंजा नट घासत होता. त्यानं वर बघितलंच नाही.

‘उजवा ना? म्हाईत हाय की. कधीचं. मी उजवीकडून हाक मारली तर वयनी बघतच नाय, मग वळसा घालून डावीकडं जातो.’ त्यानं नट फडक्यावर ठेवला. ‘पहिले गिरणी चालू असताना बी ऐकायची ती. अँबेसिडरचं सांगितलंय ना तुम्हाला? मग हळूहळू जमंना. पण ती कबूल करनार हाय का? मग मी गिरणीच्या सुट्टीला, सोमवारी गाड्या घ्यायला लागलो. नंतर लोडशेडिंग आलं, बरंच झालं. खडूनं लिहून टाकलं. तिला म्हणलं, वयनी, तुमच्या गिरणीच्या आवाजात मलाच काय ऐकू येत नाय हो.’

मी फळ्यावरच्या त्या ओळीकडे बघत राहिले. ती मी दीड-दोन वर्षं रोज वाचत होते.

‘तिला सांगू नका,’ पुंजा म्हणाला. मी म्हटलं, नाही सांगणार.

पुढं आमच्या भागातलं लोडशेडिंग बंद झालं. फळ्यावरची ओळ मात्र आहे. वेळ आता पुंजानंच ठरवलीय, दुपारी एक ते दोन. त्या तासाला नवसाबाई गिरणीचा खटका खाली ओढतात, विचारलं तर मोटर तापते म्हणतात, आणि काठी घेऊन शेजारच्या गाळ्यात जातात. पुंजा आधीच उघड्या बॉनेटसमोर डाव्या टोकाला जाऊन उभा असतो, म्हणजे त्या आपसूक त्याच्या उजवीकडे येतात आणि त्यांचा डावा कान त्याच्याकडे राहतो.